कोयनेचं अवजल कोणत्या समुद्रात? दाभोळ खाडीचं एक प्रकरण

माझं आजोळ गोवळकोटचं, चिपळूणच्या खालच्या अंगाला. मे महिन्यात आसपासच्या नद्यांच्या पात्रांत नुसते गोटे उरतात, पऱ्हे कधीच आटलेले असतात, विहिरींचे तळ दिसू लागतात. वाशिष्ठी मात्र धक्क्याखालून वाहतच असते. लहानपणी त्यात काही विशेष आहे असं वाटलं नाही. एकदा विचारलं तेव्हा मामा म्हणाले होते, "बाळा, मे महिन्यात आपली नदी कुठली? हे पॉवर हाऊसचं पाणी. आपली नदी पावसाबरोबर येते न् पावसाबरोबर जाते."

ते बोलणं मला पुन्हा आठवलं ते कित्येक वर्षांनी, कामाच्या टेबलावर. माझं काम जागतिक समुद्र-मॉडेलचं. सगळ्या समुद्रांची चौकोनी घरं पाडायची आणि प्रत्येक घरातलं तापमान, क्षारता, प्रवाह यांचं गणित पुढे चालवत न्यायचं. अशा मॉडेलला पाऊस, वारा, ऊन यांच्या बरोबरीने नद्यांची एक फाइल द्यावी लागते. किनाऱ्यालगतच्या कुठल्या घरात कुठल्या दिवशी सेकंदाला किती घनमीटर गोडं पाणी येतं, एवढंच तिच्यात असतं. दुसऱ्याच एका कामासाठी कोकणपट्टीची घरं तपासताना दाभोळचं, म्हणजे वाशिष्ठीच्या मुखाचं घर समोर आलं. त्याचा वर्षभराचा आलेख असा: जून ते सप्टेंबर उंच डोंगर, ऑक्टोबरात उतार, आणि जानेवारीपासून मेअखेरपर्यंत रेघ तळाला चिकटलेली. तीसेक किलोमीटर दक्षिणेला जयगडच्या मुखाशी शास्त्री नदी समुद्राला मिळते. तिच्या घराची रेघही हुबेहूब अशीच होती. शास्त्रीच्या बाबतीत ती रेघ बरोबर आहे. वाशिष्ठीच्या बाबतीत ती चूक आहे, आणि चूक किती मोठी आहे ते मला आकड्यांत पाहायचं होतं.

अवजलाचा हिशेब

कोयना नदी सह्याद्रीच्या पूर्व उतारावरची. कराडच्या प्रीतिसंगमावर ती कृष्णेला मिळते आणि निसर्गाच्या हिशेबाने तिचं पाणी आंध्रच्या किनाऱ्यावर बंगालच्या उपसागरात जातं. पण कोयनानगरच्या धरणामागच्या शिवसागराचं पाणी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीपासून बोगद्यांतून सह्याद्री ओलांडून पश्चिमेला उतरतं. पोफळी, अलोरे, कोळकेवाडी या टप्प्यांवर वीज करून ते वाशिष्ठीत सुटतं. वीज करून झाल्यावर उरलेलं ते अवजल. चिपळूण-गुहागर भागात हा शब्द सरकारी कागदापुरता राहिलेला नाही, तो चहाच्या टपरीवरही ऐकू येतो.

पश्चिमेकडे किती पाणी सोडायचं याची मर्यादा कृष्णा पाणीवाटपाच्या बच्छावत लवादाने घालून दिली: वर्षाला ६७.५ टीएमसी. एक टीएमसी म्हणजे २.८३ कोटी घनमीटर. म्हणजे वर्षाला सुमारे १.९ घन किलोमीटर पाणी, वर्षभर सारखं वाटलं तर सेकंदाला ६० घनमीटर. दहा हजार लिटरचे सहा टँकर दर सेकंदाला, रात्रंदिवस.

आता वाशिष्ठीचं स्वतःचं पाणी. खोरं ढोबळमानाने २००० चौरस किलोमीटरचं धरू, पाऊस तीन ते साडेतीन मीटर, आणि त्यातला दोनतृतीयांश वाहून नदीत आला असं मानू. वर्षाला चार ते साडेचार घन किलोमीटर होतात. जवळजवळ सगळं पावसाच्या चार महिन्यांत येतं, म्हणजे त्या काळात सेकंदाला सरासरी ४०० घनमीटर.

वार्षिक बेरीज पाहणारा म्हणेल की अवजल हे नदीच्या निम्म्याला थोडं कमी आहे. पण वर्षाची बेरीज इथे फसवते. जुलैत ४०० मध्ये ६० मिळाले तर खाडीला फारसा पत्ता लागत नाही. एप्रिलमध्ये, नदीचं स्वतःचं पाणी नावापुरतं उरलेलं असताना, तेच ६० म्हणजे अख्खी नदी असते. पावसाळ्यातली चूक पंधरा टक्क्यांची आणि उन्हाळ्यातली जवळजवळ शंभर टक्क्यांची. मामांनी एका वाक्यात सांगितलेलं होतं ते हेच.

फाइलीत पाणी कुठे हरवलं

जागतिक मॉडेलसाठी नद्यांची माहिती दोन वाटांनी तयार होते आणि अवजल दोन्ही वाटांवर निसटतं. ते दोन्हीकडे वेगवेगळ्या तऱ्हेने निसटतं, म्हणून इथे थोडं थांबतो.

पहिली वाट मोजणीची. जगातल्या मोठ्या नद्यांवर मुखापासून थोडं आत जिथे प्रवाह मोजतात त्या नोंदी घ्यायच्या, मोजणी नसलेल्या भागासाठी अंदाज बांधायचा. अमेरिकेतल्या दाई आणि ट्रेनबर्थ यांनी २००२ साली असा ९२१ नद्यांचा संच केला. पुढची कित्येक वर्षं समुद्र-मॉडेलं त्यावर किंवा त्याच्या पुढच्या आवृत्तीवर चालली. कृष्णेची मोजणी खाली, मुखाजवळ होते. कोयनेतून पश्चिमेला गेलेलं पाणी तिथे पोचतच नाही, त्यामुळे कृष्णेचा मोजलेला आकडा त्या अर्थाने खरा आहे. पण कोकणातल्या छोट्या नद्या अशा यादीत स्वतंत्र नसतात. त्यांचं पाणी पाऊस आणि बाष्पीभवनावरून अंदाजाने येतं, आणि डोंगरातल्या बोगद्याची त्या अंदाजाला खबर नसते. म्हणजे पूर्वेच्या खात्यातून पाणी वजा झालं आणि पश्चिमेच्या खात्यात जमा झालं नाही. ते कुठल्याच समुद्रात नाही.

दुसरी वाट उताराची. प्रत्येक घरात पडलेला पाऊस जमिनीच्या उताराप्रमाणे घराघरांतून वाहवत समुद्रापर्यंत न्यायचा. आज बऱ्याच मॉडेलना लागणारा जपानी संच, जेआरए-५५-डीओ, याच वाटेने तयार झालेला आहे. दररोजची आकडेवारी, पाव अंशाची घरं. पूर्वीपेक्षा फार पुढचं पाऊल. पण उताराच्या गणिताला कोयना पूर्वेलाच जाताना दिसते, आणि उताराच्या दृष्टीने तेच बरोबर आहे. या वाटेने अवजल चुकीच्या समुद्रात पडतं. शिवाय पाव अंशाचं घर म्हणजे जवळजवळ २७ किलोमीटर. कोयनानगर ते चिपळूण हवाई अंतरही साधारण तेवढंच. घाटमाथा आणि कोकण एकाच घरात येतात, आणि त्या घरातला पाऊस कुठल्या बाजूला सोडायचा हा प्रश्न सबंध सह्याद्रीभर, घरागणिक पडतो.

बंगालच्या उपसागराच्या बाजूने ही चूक नगण्य आहे हे आधीच सांगतो, नाहीतर प्रकरण फुगवल्यासारखं होईल. ७५ टक्के भरवशाचं, म्हणजे चारातल्या तीन वर्षी मिळेलच असं कृष्णेचं पाणी लवादाने २०६० टीएमसी धरलं होतं. ६७.५ म्हणजे त्याच्या तीन टक्क्यांच्या आसपास. आणि ज्या उपसागरात गंगा-ब्रह्मपुत्रा वर्षाला हजारभर घन किलोमीटर पाणी ओततात, तिथे १.९ दिसणारही नाही. या चुकीचं सगळं ओझं पश्चिमेकडे, एका खाडीच्या मुखाशी आहे.

घराचा आकार, थराची जाडी

मग पश्चिमेला तरी ते दिसेल का? मी आधी मॉडेल न चालवता कागदावर हिशेब केला. मॉडेल चालवायला दिवस लागतात, कागदाला एक संध्याकाळ पुरते, आणि मॉडेलचं उत्तर चुकीच्या कारणासाठी बरोबर आलं तर ते ओळखायलाही हाच कागद कामी येतो.

किनाऱ्यालगतच्या समुद्राची क्षारता ३५.५ धरली, म्हणजे एक किलो पाण्यात साडेपस्तीस ग्रॅम क्षार. प्रवाह सेकंदाला दहा सेंटिमीटर. गोडं पाणी वरच्या दहा मीटरमध्ये मिसळतं असं मानलं.

एक अंशाच्या घरात दाभोळ आणि जयगड दोन्ही मुखं मावतात. तिथे महिनाभराचं अवजल ओतलं आणि प्रवाहाने काहीच वाहून नेलं नाही असं मानलं, तरी क्षारता पाच शतांशाच्या आतच घटते. काहीच दिसत नाही. पाव अंशाच्या घरात पाणी साधारण तीन दिवसांत बदलतं. तेवढ्या वेळात जमा होणारं अवजल क्षारता ०.०८ ने खाली आणतं. बारांश अंशाच्या (अंशाच्या बाराव्या भागाच्या), म्हणजे नऊ किलोमीटरच्या घरात हा फरक ०.२४ होतो. आणि तेच पाणी दहाऐवजी वरच्या दोनच मीटरमध्ये राहिलं, तर १.२.

सेकंदाला साठ घनमीटरच, पण उत्तर शतांशापासून सव्वापर्यंत कुठेही जातं. घराचा आकार बदलला तर उत्तर बदलतं हे अपेक्षित असतं. मला थांबवलं ते थराच्या जाडीने. बरीच मॉडेलं नदीचं पाणी मुद्दाम वरच्या दहा-पंधरा मीटरमध्ये ढवळून टाकतात किंवा आजूबाजूच्या घरांत पसरतात, आणि यामागचं कारण पावसाळ्यातलं आहे. बारांश अंशाच्या घराचा वरचा एक मीटर घेतला तर त्यात ०.०८ घन किलोमीटर पाणी मावतं. सेकंदाला १००० घनमीटरचा लोंढा एक दिवस आला की तेवढंच गोडं पाणी होतं, म्हणजे अख्खं घर गोडं. जुन्या पद्धतीच्या मॉडेलांत तर घराचं आकारमान बदलत नाही. पाणी घालण्याऐवजी त्या प्रमाणात क्षार काढून घेतात, तेही ३५ सारखी एक ठरावीक क्षारता धरून. मग घरात जेवढे क्षार आहेत त्याहून जास्त काढले जातात आणि क्षारता शून्याच्या खाली जाते. समुद्रात मीठ उणे! म्हणून मॉडेलवाले नद्या पसरतात. तो नाइलाज आहे हे मला मान्य आहे. पण जुलैच्या लोंढ्यासाठी केलेला उपाय एप्रिललाही तसाच लागू राहतो, आणि एप्रिलचा पातळसा थर त्यात पुसला जातो.

अदृश्य दुरुस्ती

याहून मोठा अडथळा वेगळाच निघाला. समुद्र-मॉडेल एकटं, हवेच्या मॉडेलला न जोडता चालवलं की त्याची पृष्ठभागावरची क्षारता वर्षागणिक भरकटत जाते. तिला आवरण्यासाठी मॉडेलची क्षारता आणि निरीक्षणांवरून काढलेल्या सरासरी नकाशाची क्षारता यांतला फरक हळूहळू भरून काढतात. नेहमीचा वेग ३०० दिवसांत ५० मीटर असा सांगितला जातो. दहा मीटरच्या थराला याचा अर्थ दोन महिने. ऐकायला हे फार सौम्य वाटतं.

पाव अंशाच्या घरासाठी त्याचं पाण्यात रूपांतर केलं. नकाशा आणि मॉडेल यांत एका एककाचा फरक असेल, तर ही दुरुस्ती दिवसाला ४.७ मिलिमीटर गोड्या पाण्याइतकी होते. घराचं क्षेत्रफळ ७३६ चौरस किलोमीटर. गुणाकार केला: सेकंदाला बरोब्बर ४० घनमीटर.

मी हा गुणाकार तीनदा तपासला. ज्या नदीच्या साठ घनमीटरसाठी मी झगडत होतो, त्याच्या दोनतृतीयांश इतकं काल्पनिक पाणी मॉडेल स्वतःच त्या घरात घालत किंवा काढत असतं, आणि ते कुठल्याच नदीच्या नावावर नसतं. ज्या नकाशाकडे ते ओढलं जातं तो खोल समुद्रातल्या जहाजांच्या आणि तरंगत्या यंत्रांच्या मोजण्यांवर उभा असतो. किनाऱ्यापासून पाच-दहा किलोमीटरच्या पट्ट्यात मोजण्या विरळ असतात, आणि तिथली क्षारता शेजारच्या खुल्या समुद्रावरून ओढून भरलेली असते. म्हणजे मी अवजल बरोबर घातलं तरी नकाशाला ते ठाऊक नसल्याने दुरुस्ती त्याला चूक समजून पुसत राहणार. आणि अवजल घातलंच नसतं तरी, नकाशात योगायोगाने कमी क्षारता असती, तर मॉडेलने बरोबर उत्तर दिलं असतं. अशा बरोबर उत्तराची मला जास्त भीती वाटते.

खाडी म्हणजे नळ नव्हे

फाइल नदीकडे नळासारखं पाहते: इतकं पाणी, क्षारता शून्य, समुद्राच्या काठावर सोडा. वाशिष्ठीचं पाणी चिपळूणहून दाभोळला जाताना चाळीसेक किलोमीटरची खाडी ओलांडतं. रोज दोनदा भरती वर चढते, उधाणाला दोन-अडीच मीटर. खाडीची सरासरी रुंदी अर्धा किलोमीटर धरली तर एका उधाणाच्या भरतीत सुमारे चार कोटी घनमीटर पाणी आत येतं. दिवसभराचं अवजल अर्ध्या कोटीच्या आसपास. गोवळकोटला पाणी गोडं, मधल्या पट्ट्यात मचूळ, आणि दाभोळ-धोपावे फेरीबोटीवरून हात घातला तर जवळजवळ खारं, हा अनुभव याच आकड्यांतून येतो.

मुखातून बाहेर जे पडतं ते गोडं पाणी नसतंच, किंचित कमी खारं पाणी असतं, पण पुष्कळ. डेन्मार्कच्या मार्टिन क्नुडसेन यांनी १९०० साली याचं साधं समीकरण मांडलं. बाहेरच्या समुद्राची क्षारता ३५.५ आणि मुखातून वरच्या थराने बाहेर पडणाऱ्या पाण्याची ३३ असेल, तर बाहेर जाणारा प्रवाह नदीच्या चौदापट होतो. साठ घनमीटरच्या नदीमागे साडेआठशे घनमीटर बाहेर, आणि खालच्या थराने सुमारे आठशे आत. निव्वळ गोडं पाणी तेवढंच, पण किनाऱ्यालगतच्या समुद्राला जाणवणारी हालचाल कितीतरी मोठी. हे जागतिक मॉडेलात आणण्यासाठी खाडीलाच एक छोटी पेटी मानून नदी आणि समुद्र यांच्या मधे बसवण्याची पद्धत २०१७ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी मांडली. माझ्या मते आजघडीला हाच सर्वांत प्रामाणिक मार्ग आहे.

पण कोकणात तो जसाच्या तसा चालत नाही. क्नुडसेनचं समीकरण खाडी स्थिर झाली आहे असं गृहीत धरतं. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी, त्यात सतीश शेट्येही होते, मांडवीच्या अभ्यासावरून २००९ साली दाखवून दिलं की मान्सूनच्या खाड्या अशा स्थिर नसतात. पावसाळ्यात खाडी धुऊन निघते, मग आठ महिने मीठ हळूहळू वर चढत राहतं, आणि ते चढणं पूर्ण होण्याआधी पुढचा पाऊस येतो. शास्त्रीच्या खाडीला हे लागू पडेल. वाशिष्ठीच्या खाडीत मात्र वरून सतत रेटा आहे, त्यामुळे मीठ कुठेतरी अडून राहत असणार. माझा तर्क असा की शेजारशेजारच्या या दोन खाड्यांना उन्हाळ्यात दोन वेगळी गणितं लावावी लागतील: दाभोळला क्नुडसेनची पेटी चालेल, जयगडला चालणार नाही. या प्रकरणातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा मुद्दा हाच. दोन्हीकडे पाऊस तोच, खडक तोच, भरती तीच. फरक फक्त बोगद्याचा. प्रयोगासाठी अशी जोडी मुद्दाम करायला गेलो तरी जमणार नाही. दोन्ही खाड्यांत डिसेंबर ते मे, दर उधाणाला आणि दर भांगाला (भरती सर्वांत लहान असते तेव्हा), मुखापासून वरपर्यंत क्षारता मोजली तर माझा तर्क एका हंगामात खरा-खोटा ठरेल. त्यासाठी होडी, साधं क्षारतामापक आणि खाडी ओळखणारा तांडेल एवढंच लागतं.

काय बदललं

शेवटी फाइलीत दाभोळच्या घरासाठी दोन ओळी केल्या. पहिली वाशिष्ठीची, पावसावर चालणारी. दुसरी अवजलाची, वेगळी. उताराच्या वाटेने कृष्णेच्या ओळीत गेलेलं तेवढं पाणी तिथून वजा केलं. अवजल बारा महिने सारखं धरण्याचा मोह टाळला. लवादाचं पाण्याचं वर्ष १ जूनला सुरू होऊन ३१ मेला संपतं, आणि म्हणजे उन्हाळा वर्षाच्या शेवटी येतो, आणि तेव्हा किती पाणी सुटतं हे त्या वर्षाच्या मर्यादेतलं किती उरलं आहे यावर ठरतं. पाऊस कमी झालेल्या वर्षी पूर्वेकडच्या सिंचनासाठी पश्चिमेकडची वीज आवरती घेतात. म्हणजे दुष्काळ घाटापलीकडे देशावर पडतो आणि त्या मे महिन्यात दाभोळची खाडी जास्त खारी होते. हा संबंध कुठल्याही पावसाच्या नकाशावरून काढता येणार नाही. विजेच्या मागणीप्रमाणे दिवसात होणारी चढउतार मात्र सोडून दिली. चाळीस किलोमीटरची खाडी आणि भरती ती मुखापर्यंत पोचू देत नाहीत.

डिसेंबर ते मे या काळात दाभोळच्या घरात पाणी वरच्या दोन मीटरमध्ये सोडलं, पावसाळ्यात पंधरा मीटरमध्येच ठेवलं. किनाऱ्यालगतच्या दोन घरांच्या पट्ट्यात क्षारतेची दुरुस्ती बंद केली. यावर सहकाऱ्यांशी मतभेद झाला, कारण ती बंद केली की घर भरकटण्याची शक्यता वाढते. भरकटलं तर ते दिसेल आणि कारण शोधता येईल, एवढंच माझं म्हणणं होतं.

वाशिष्ठी एकटी नाही. भिरा वीजकेंद्राचं पाणी कुंडलिकेत येतं, खोपोलीचं पाताळगंगेत, भिवपुरीचं उल्हासात. तेही मुळात भीमेच्या खोऱ्यातलं, आणि यातली केंद्रं तर शंभर वर्षांच्या घरातली जुनी आहेत. त्या तीन ओळी अजून करायच्या आहेत.

अवजलाच्या ओळीला मी एक जादा रकाना ठेवला आहे, मुखाच्या अक्षांश-रेखांशाचा, तारखेप्रमाणे बदलता येईल असा. हे अवजल मुंबईला नेण्याची चर्चा अनेक वर्षं चालू आहे. ती योजना झाली तर दाभोळची ती ओळ शून्य होईल, गोवळकोटच्या धक्क्याखाली मेमध्ये भरतीचं पाणी चढेल, आणि वाशिष्ठीची रेघ शास्त्रीसारखी तळाला जाईल. मामांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, "मग तेव्हा तुमची पहिली फाइल बरोबर होईल की काय?" उन्हाळ्यापुरती होईल, असं मी त्यांना सांगितलं.